द्राक्षबागेत आपोआप चालणारा क्रेटचा गाडा कसा बांधायचा

"भाऊ, याला डोळे कुठंयत?"

काढणीचा पहिला दिवस होता. गाडा चार रिकामे क्रेट घेऊन ओळीतून येत होता. वर कोणी बसलेलं नाही, मागे कोणी नाही, आणि मी बांधावर लाल बटण हातात धरून उभा. पेठकडून काढणीला आलेल्या मावशींनी कात्री थांबवून हा प्रश्न विचारला. डोळे नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपला क्रेट उचलला आणि दोन ओळी सोडून पलीकडे कामाला लागल्या. बरोबरच केलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

तो गाडा कसा बांधला, ते इथे लिहितोय. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात २२ वर्षं मेंटेनन्सला होतो, इलेक्ट्रिकलला. आता दिंडोरी तालुक्यात जानोरीच्या पुढे अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत, वाय पद्धतीची (इंग्रजी वाय अक्षरासारख्या लोखंडी अँगलवर वेली चढवलेल्या), दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ५ फूट. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. कॉम्प्युटरचा भाग त्याचा. लोखंड, वायरिंग आणि शिव्या माझ्या. ड्रोनचा विषय आमच्याकडे निघतच नाही, ओझरचा विमानतळ उशाला आहे.

गाड्याचं काम एकच ठेवलं: भरलेले क्रेट ओळीतून शेडपर्यंत आणायचे, रिकामे परत न्यायचे. तुम्हीही एकच ठरवा. फवारणी, तण, क्रेट, पानांचे फोटो असं सगळं एकाच गाड्यावर बसवायचा मोह होतो. पण २०० लिटरची टाकी म्हटली की २०० किलो वजन आलं, आणि ते पाणी आत हेलकावे खातं ते वेगळंच. तो गाडाच निराळा बांधावा लागेल.

मोटार घेण्याआधी कागद-पेन्सिल

माझा पहिला गाडा दोन मोटारींचा होता. घराच्या ओट्यावर पळायचा. बागेत, ठिबक चालू असलेल्या ओळीत चार क्रेट टाकून नेला आणि तिसऱ्या वेलीपाशी रुतला. मी रिमोटची दांडी दाबून धरली, कारण मागे माझा भाऊ बघत होता. दोन मिनिटांत वार्निशचा वास आला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उतरवल्या, आणि स्वतःची जाळताना वास ओळखायला उशीर केला.

चूक अशी की गणित केलंच नव्हतं. ते असं आहे. गाडा १०० किलो, चार क्रेट २०-२० किलोचे, एकूण १८०. ओल्या काळ्या मातीत चाकं ओढायला वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत जोर लागतो असं धरा, म्हणजे ३६ किलो. १० फुटाला १ फूट चढ असेल तर आणखी १८. एकूण ५४ किलोची ओढ. न्यूटनमध्ये ५३० झाले. चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर, म्हणून टॉर्क, म्हणजे चाक फिरवायला लागणारा पीळ, ५३० गुणिले ०.२, साधारण १०६ न्यूटन-मीटर.

आता मोटार. ई-सायकलीला लागते ती २४ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली मोटार मी घेतली. बाजारात एमवाय१०१६झेड म्हणून मिळते. आतली मोटार पूर्ण भाराला मिनिटाला २६५० च्या आसपास फिरते आणि गिअर ९.७८ पट हळू करतो. तिच्या शेंड्याला ९ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, येतं. चाकाच्या बाजूला मी सायकलचं ४४ दात्यांचं लावलं, म्हणजे आणखी ४.९ पट. सगळं धरून चाकाशी ४३ न्यूटन-मीटर येतो, चेन आणि चिखल आपला वाटा खातात, हाती ३५ राहतो. दोन मोटारींचे ७०, गरज १०६ ची. जळणारच. चार मोटारींचे १४०. दुसरा गाडा चार मोटारींचा बांधला आणि प्रश्न मिटला.

वेगही याच हिशेबातून निघतो. चाक मिनिटाला ५५ फेरे, एका फेऱ्यात सव्वा मीटर, म्हणजे ताशी सव्वाचार किलोमीटर. माणसाच्या चालीएवढा. "एवढा हळू?" असं येणारा प्रत्येक जण विचारतो. चांद्रयान-३ चा प्रज्ञान सेकंदाला १ सेंटिमीटर चालायचा, आणि २७ ऑगस्ट २०२३ ला समोर ४ मीटरचा खड्डा दिसला तेव्हा तो ३ मीटर अलीकडेच होता, म्हणून त्याला वळवून आणता आलं. शिवाय द्राक्षाचा क्रेट जोरात हादरला की मणी एकमेकांवर घासतात आणि वरची पांढरी पावडर जाते. एक्स्पोर्टचा माल असेल तर मग काही खरं नाही.

लोखंड

यात फार लिहिण्यासारखं नाही, चांगला फॅब्रिकेशनवाला गाठा. दीड इंची चौकोनी पाइपची चौकट, अंबड लिंक रोडच्या भंगारातून उचललेली. पॉवर टिलरचे ४.००-८ चे टायर, नक्षीचा बाण पुढच्या दिशेने. २० मिलिमीटरचा शाफ्ट आणि पी-२०४ बेअरिंग. स्प्रॉकेट शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूवर (बाजूने आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूवर) ठेवू नका, लेथवाल्याकडून चावीचा गाळा, म्हणजे लोखंडी पट्टी बसवायची खाच, पाडून घ्या. ग्रब स्क्रू आठवडाभर टिकतो, नंतर मोटार फिरते आणि चाक बघत बसतं.

एकच गोष्ट मापाची. हा गाडा रणगाड्यासारखा वळतो, एका बाजूची चाकं पुढे आणि दुसरीकडची मागे. वळताना चाकं आडवी घासतात. म्हणून पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर हे डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतरापेक्षा कमी ठेवा. माझं लांबीत २४ इंच आहे, रुंदीत ३०. आधी उलटं होतं, तेव्हा प्रत्येक वळणाला जमिनीत नांगरट व्हायची आणि करंट दुप्पट जायचा.

पुढचं एक चाक मोकळं फिरणारं ठेवा असंही कोणी सुचवेल, खुर्चीच्या चाकासारखं. फरशीवर उत्तम. आपल्या मातीत ते आडवं होऊन फाळासारखं घुसतं.

पळायच्या आधी थांबायचं

हे मी मोटारींनंतर लिहितोय, पण वायरिंगला बसाल तेव्हा हे पहिलं करा. गाड्याचा मेंदू, म्हणजे कॉम्प्युटरचं कार्ड, अजून खोक्यात असू द्या.

बॅटरी आणि मोटार ड्रायव्हर (मोटारींना कमी-जास्त करंट सोडणारं कार्ड) यांच्या मध्ये एक कॉन्टॅक्टर हवा, म्हणजे कॉइलला करंट असेपर्यंतच जोडलेला राहणारा मोठा स्विच. डीसीचाच. घरात पडलेला एसीचा लावू नका: एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावरून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही आणि कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसतात. म्हणजे तुम्ही बटण दाबलंय, कॉइल सुटलंय आणि गाडा चाललाय. कारखान्यात एका कन्व्हेअरवर हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जाणारी वायर एका साखळीतून न्या. गाड्याच्या दोन्ही टोकांना लाल मश्रूम बटणं, पुढच्या-मागच्या बंपरचे लिमिट स्विच (धक्का लागला की दाबले जाणारे), आणि हातातल्या वायरलेस बटणाचा रिले, म्हणजे सिग्नलवर चालणारा छोटा स्विच. ही सगळी एकामागे एक जोडा. बटणं आणि लिमिट स्विच एनसी घ्या, म्हणजे न दाबता जोडलेले आणि दाबले की तुटणारे. वायरलेसचा रिले मात्र सिग्नल येत असेपर्यंतच जोडलेला राहील असा हवा. साखळीतली कुठलीही वायर उंदराने कुरतडली, बटणाची बॅटरी संपली, कनेक्टर निसटला, काहीही झालं तरी गाडा उभा राहतो. उलट्या जातीचं, म्हणजे दाबल्यावर जोडणारं एनओ बटण लावलं तर तुटलेली वायर तुम्हाला कळते ती नेमकी बटण दाबायची वेळ आल्यावर.

आणि ही साखळी कॉम्प्युटरमधून नेऊ नका. पुतण्याचं म्हणणं होतं, "आप्पा, सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत होईल." सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळं स्टॉप ठेव की, पण हे तांब्याच्या तारेचंच राहील, असं सांगितलं. सहा महिन्यांत कॉम्प्युटर तीनदा अडकला. तांब्याची तार एकदाही नाही.

एक मर्यादा सांगून ठेवतो. करंट तोडला म्हणजे ब्रेक लागला असं नाही. उतारावर गाडा वजनाने पुढे सरकतो. माझी बाग जवळपास सपाट आहे म्हणून भागतं, तरी उभा करून कुठे जायचं तर चाकाखाली दगड लावतो. उताराची बाग असेल तर ब्रेकवाल्या मोटारी घ्या.

बॅटरी लिथियम फॉस्फेटची घेतली, ८ सेल ओळीत, २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. कोरड्या ओळीत सरासरी २० अँपिअर जातात, सकाळची काढणी निघते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज घालाच.

आधी रिमोटवर, दोन आठवडे

इथे सगळ्यांना घाई होते. आम्हालाही झाली होती. पण पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या संस्थेत तयार झालेला, बॉम्ब निकामी करायला लष्कर वापरतं तो 'दक्ष', तोही दूरवरून माणूसच चालवतो. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यात कमीपणा नाही. माझ्या मते तर बऱ्याच बागांना तिथंच थांबलं तरी चालेल.

दोन आठवडे नुसता रिमोटवर चालवा, भार टाकून. कुठे चेन उतरते, कुठे रुततो, कुठल्या ओळीत ठिबकची नळी खाली आलीय, सगळं कळतं. आम्ही या काळात नळ्या दीड फूट वर बांधल्या, चार ठिकाणी खोडावरच्या काड्या छाटल्या आणि चेनला पत्र्याचं झाकण केलं. जो दोष रिमोटवर दिसतो, तो आपोआप चालताना शोधायला गेलात तर लोखंडावर संशय घ्यायचा की सॉफ्टवेअरवर, यातच दिवस जातो.

याच वेळी एक परीक्षा घ्या. गाडा विटांवर उचलून चाकं मोकळी करा, अर्ध्या वेगाने फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. काही स्वस्त रिसिव्हर सिग्नल गेल्यावर शेवटचा हुकूम धरून बसतात. आमचा तसलाच निघाला. चाकं फिरतच राहिली. सेटिंग बदलून सिग्नल गेल्यावर काहीच बाहेर सोडू नये असं केलं, तेव्हा जमलं.

मेंदू

ड्रोन चालवायला वापरतात ते, फ्लाइट कंट्रोलर म्हणतात ते पिक्सहॉक कार्ड, आणि त्यावर आर्डुपायलटचं रोव्हर सॉफ्टवेअर. फुकट आहे, उघडं आहे, २००९ च्या सुमारास हौशी विमानवाल्यांनी सुरू केलेलं. सेटिंग करायला आणि रस्ता आखून द्यायला लॅपटॉपवर मिशन प्लॅनर. रोबोटसाठीचं आरओएस हे सॉफ्टवेअर शिकायचं म्हणून पुतण्या हट्ट धरून होता. ते मोठं आणि चांगलं काम आहे, पण ओळीत सरळ जाऊन परत यायला त्याची गरज नाही.

सेटिंगमध्ये सर्व्हो एक या आउटपुटचं फंक्शन ७३ आणि सर्व्हो तीनचं ७४ केलं की कार्डाला कळतं, हा रणगाड्यासारखा वळणारा गाडा आहे, एक डावीकडची चाकं आणि एक उजवीकडची. मग सपाट जागेत ठरावीक थ्रॉटलवर चालवून वेग किती येतो ते बघा आणि क्रूझ स्पीड, क्रूझ थ्रॉटलमध्ये तेच आकडे घाला. वळण्याच्या ट्यूनिंगमध्ये आधी एफएफ (हव्या त्या वळणाला किती जोर द्यायचा तो आकडा) जमवा, पी आणि आय (चूक दिसल्यावर दुरुस्त करणारे आकडे) त्याच्या पाचव्या भागाएवढे किंवा त्याहून कमी ठेवा. आम्ही उलट केलं, पी वाढवत बसलो, आणि गाडा पिऊन आल्यासारखा नागमोडी चालला. ट्यूनिंग भार टाकूनच करा. रिकामा गाडा आणि ८० किलोचा गाडा, दोघांची चाल वेगळी.

एक सेटिंग न विसरता बदला. सिग्नल गेला तर काय करायचं, याला फेलसेफ म्हणतात. त्यात 'घरी परत ये' असा पर्याय असतो. ऐकायला छान. पण घर म्हणजे जिथून निघाला ती जागा, आणि तिथे तो सरळ रेषेत जातो. मध्ये अकरा ओळी वेली, अँगल आणि तारा आहेत हे त्याला माहीत नाही. फेलसेफला नेहमी 'होल्ड' ठेवा: जागच्या जागी उभा राहा, आप्पा येतील.

जागा कळणे

मोबाइलचा साधा जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे दाखवतो. आपली ओळ ९ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. थोडक्यात, गाडा या ओळीत आहे की शेजारच्या, हेच त्याला कळणार नाही. म्हणून आरटीके लागतं. त्यात एक रिसिव्हर पक्क्या जागी ठेवायचा, त्याला बेस म्हणतात, आणि दुसरा गाड्यावर. बेसला स्वतःची जागा माहीत असते, त्यामुळे उपग्रहांच्या सिग्नलमध्ये आत्ता किती चूक येतेय हे तो ओळखतो आणि रेडिओवरून गाड्याला कळवतो. मग गाड्याची जागा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत येते. आम्ही यू-ब्लॉक्स कंपनीचा एफ९पी रिसिव्हर वापरला. सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स, म्हणजे पक्क्या बेसचं जाळंही महाराष्ट्रात आहे, इंटरनेटवरून तशाच दुरुस्त्या मिळतात. पण आमच्या खालच्या ओळींत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून स्वतःचा बेस.

रेडिओ घेताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा घ्या. ऑनलाइन ९१५ वाले सर्रास विकतात, ते अमेरिकेच्या नियमांचे. आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा नाही.

आता मुख्य घोटाळा. एका सकाळी गाडा सातव्या ओळीत सोडला. आठ दिवस निर्वेध चालत होता, त्यामुळे मी चहाचा कप हातात घेऊन बघत होतो. तीस-चाळीस फूट गेला असेल, तर ठिबकच्या नळीवर चाक चढलं. नंतर क्रेटचा कोपरा वायच्या अँगलला खर्रकन घासला. तरी चाललाच. बटण दाबलं तेव्हा डावं चाक वेलीच्या बुडाशी टेकलं होतं, सालीचा बोटभर तुकडा निघाला होता. पुतण्या लॅपटॉप घेऊन पळत आला. स्क्रीनवर हिरवं: आरटीके फिक्स, म्हणजे जागा पक्की सापडली, अचूकता दीड सेंटिमीटर. आणि गाडा वेलीत.

दुपारपर्यंत आम्ही गाड्यावर संशय घेत होतो. चाकं, ड्रायव्हर, केबल सगळं तपासलं. दोष होता पंपहाउसच्या छतावर. रात्री लाइट गेली होती, पहाटे आली. बेस पुन्हा चालू झाला तेव्हा त्याने पाच मिनिटं उपग्रह पाहून स्वतःची जागा नव्याने ठरवली, आणि ती आदल्या दिवसापेक्षा हात-सव्वा हात बाजूला आली. बेस दुरुस्त्यांचे जे आरटीसीएम संदेश पाठवतो, त्यातला १००५ क्रमांकाचा म्हणजे "मी अमुक ठिकाणी आहे." तो आकडाच बदलला. गाड्याने बेसवर भरवसा ठेवून स्वतःला दीड सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजलं, पण चुकलेल्या खुंटीपासून. मोजणीवाला आला आणि त्याची खुंटीच कोणी रात्री सरकवलेली असली, तर चेन कितीही ताणून धरा, बांध दुसऱ्याच्याच शेतात जाणार.

उपाय सोपा आहे, फक्त आधी सुचत नाही. बेसचा अँटेना पंपहाउसच्या स्लॅबमध्ये बोल्टने पक्का करा. एकदाच, पूर्ण २४ तास त्याला जागा मोजू द्या. जो आकडा येईल तो फिक्स्ड मोडमध्ये लिहून रिसिव्हरच्या मेमरीत कायम करा. तो आकडा जगाच्या नकाशावर फूटभर चुकीचा असला तरी चालेल, रोज तोच राहिला पाहिजे. त्यानंतर बेस हलवाल, तर सगळ्या ओळी परत नोंदवाव्या लागतील. आम्ही बोल्टवर लाल रंग मारलाय आणि छतावर कपडे वाळत घालायला बंदी केलीय. ती बंदी फार पाळली जाते असं नाही.

आणि रोजची परीक्षा: शेडपुढे सिमेंटचा चौथरा केलाय, त्यावर चारही चाकांच्या खुणा. सकाळी गाडा त्या खुणांवर उभा करून स्क्रीनवरची जागा वहीतल्या जागेशी ताडायची. १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी क्रेट माणसं उचलतील.

"आपला नाविक का नाही वापरला?" असं गावात दोघांनी विचारलं. नाविक म्हणजे इस्रोची, जीपीएससारखी आपली व्यवस्था. नाविकचे जुने उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यात बोलतात, माझा रिसिव्हर एल१-एल२ चा आहे. एवढंच कारण.

दिशा कळणे

जागा कळली तरी तोंड कुठे आहे ते कळायला हवं. पिक्सहॉकमध्ये होकायंत्राची चिप असते. द्राक्षबागेत तिचा उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, वर जीआय तारा, खाली मोटारींत पन्नास अँपिअर. शेडपुढे उत्तर दाखवायची, ओळीत शिरलं की भलतीकडेच वळायची. आम्ही काठीवर उंच बसवून पाहिली, कॅलिब्रेशन चार वेळा केलं. सोडून द्या. गाड्यावर एकाऐवजी दोन एफ९पी बसवा, एक अँटेना पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. दोघांची जागा कळली की तोंड कुठे आहे ते आपोआप निघतं. याला मूव्हिंग बेसलाइन म्हणतात, आर्डुपायलटला ते समजतं. दोन अँटेनांमध्ये अंतर जितकं जास्त, तितकी दिशा पक्की. फूटभर तरी हवंच, माझं अडीच फूट आहे. होकायंत्र सेटिंगमधून बंद करून टाका. खर्च दुखतो, पण होकायंत्राने आमचे तीन आठवडे खाल्ले त्यापेक्षा स्वस्त.

ओळीच्या टोकाला

१३ मार्च २००४ ला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत घेतली. अंतर २२९ किलोमीटर, सुटल्या १५ गाड्या, पोचली एकही नाही. सर्वांत लांब गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची सँडस्टॉर्म, ११.९ किलोमीटर, आणि तीही अडकली एका तीव्र वळणावर, कडेच्या मातीच्या वरंब्यावर चढून. दीड वर्षाने, ८ ऑक्टोबर २००५ ला, स्टॅनफर्डच्या स्टॅन्लीने २१२ किलोमीटर ६ तास ५४ मिनिटांत पार केले. मला यातली ती ११.९ किलोमीटरची गाडी जवळची वाटते. आमचाही सरळ ओळीत कधी फारसा चुकला नाही, खोळंबला तो टोकालाच.

ओळ संपते तिथे शेवटच्या अँगलला ताण देणारी तार जमिनीत तिरकी गाडलेली असते. माणूस ती बघून वळसा घालतो. गाड्याला ती दिसत नाही, आणि चाक त्या तारेवर चढलं तर अख्खी ओळ हलते. म्हणून ओळीचे बिंदू नोंदवताना टोकाचा बिंदू अँगलपाशी ठेवू नका. तार जिथे जमिनीत जाते तिथून आणखी ६ फूट बाहेर ठेवा. वळण एकदम मागे फिरणारं न करता दोन काटकोनांत तोडा, मध्ये थोडं सरळ. वेग निम्मा. आणि बिंदू नकाशावर बोट टेकवून देऊ नका, उपग्रहाचा फोटो दोन-तीन मीटर सरकलेला असू शकतो. गाडा रिमोटवर ओळीच्या मधोमध चालवत न्या आणि जागच्या जागी नोंदवा. आमच्या २२ ओळींना एक सकाळ लागली.

मध्ये कोणी आलं तर

मावशींच्या प्रश्नाला अजून माझ्याकडे पुरं उत्तर नाही. पाण्याला न भिणारे अल्ट्रासोनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) सेन्सर लावले, तर त्यांना गवतही दिसतं, लोंबणारी काडीही दिसते, आणि गाडा दर पाच फुटांवर नवरदेवासारखा अडून बसतो. लेसरच्या किरणाने अंतर मोजणारा स्वस्त फिरता लायडार आणला, तो खोलीत झकास आणि फेब्रुवारीच्या उन्हात आंधळा. आता पुढे एक अल्ट्रासोनिक आहे, जमिनीपासून अडीच फुटांवर. माणसाच्या मांड्या दिसतात, गवत दिसत नाही. वाकून बसलेलं माणूस मात्र कधी दिसतं, कधी नाही.

म्हणून खरा भरवसा बंपरवर. पाण्याच्या पाइपवर फोम गुंडाळलेला, गाड्यापुढे ८ इंच, दाबला की लिमिट स्विच तुटतो आणि कॉन्टॅक्टर पडतो. बंपर तेव्हाच उपयोगी, जेव्हा गाडा त्या ८ इंचांच्या आत थांबतो. पूर्ण वेगात भरलेला गाडा दीड फूट पुढे जाऊन थांबायचा. वेग निम्म्याहून खाली, सेकंदाला अर्धा मीटर केला, तेव्हा पाच इंचांत थांबायला लागला. वेग निम्मा केला की घसरायचं अंतर चौथाई होतं, हे तुम्ही स्वतः फीत लावून मोजा, बंपरपुढे रिकामा क्रेट ठेवून. स्वतःचा पाय ठेवून नको.

काढणीच्या दिवसांत नियम असा: ज्या ओळीत माणसं, त्या ओळीत गाडा नाही. भरलेले क्रेट ओळीच्या तोंडाशी न ठेवता आतच रांगेत ठेवायचे, माणसं पुढच्या ओळीत गेली की गाडा आत जातो. तो चालत असताना बटण हातात घेतलेला माणूस बांधावर हवाच. लहान मुलं आली की कॉन्टॅक्टर खाली. आणि गाडा आपल्या बांधाच्या आत. सार्वजनिक रस्त्यावर चालकाविना काही सोडायचं नाही, दुसऱ्या तुकड्यात न्यायचा असेल तर आम्ही ट्रॉलीत चढवतो.

किरकोळ

पिक्सहॉकचे छोटे कनेक्टर हादऱ्याने निघतात, प्रत्येकावर गरम गोंदाचा थेंब टाका. जाड वायरींना लग क्रिम्प करा, सोल्डर नको, ते हादऱ्याने तडकतं. पाऊस असेल तर गाडा काढू नका. टायरच्या खाचा काळ्या मातीने भरल्या की चार मोटारी काय आणि आठ काय. हिवाळ्यातल्या सकाळी दव कंट्रोलच्या डब्यात उतरतं, खालून एक भोक ठेवा.

राहता राहिला भावाचा मांडव, म्हणजे वर तारांच्या जाळीवर वेली पसरलेली त्याची बाग. आमच्या वाय पद्धतीत ओळीच्या मधोमध वर आकाश मोकळं असतं, म्हणून काठीवरच्या अँटेनांना उपग्रह दिसतात. मांडवाखाली गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) पानं भरली की फिक्सचं फ्लोट होतं, म्हणजे जागा तितकी पक्की राहत नाही, आणि फ्लोटवर हा गाडा ओळीत सोडायचा नाही, हे आमचं ठरलेलं आहे. शिवाय काठी तारांना अडकते. तिथे मी काठ्या काढून ठेवतो, पुतण्या रिमोट घेऊन पुढे चालतो आणि गाडा त्याच्या मागून क्रेट घेऊन येतो. भाऊ म्हणतो, हाच जास्त कामाचा आहे.